सुनेचं गाव

वीस वर्षं कोर्टात काळा कोट घालून भांडलो आणि मग एके दिवशी कबड्डीच्या लीगचा कमिशनर झालो. आमच्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या मंडळांनी मिळून ही लीग काढली होती. पहिल्याच वर्षी संघांनी एकमेकांविरुद्ध इतक्या तक्रारी केल्या, की कुणीतरी म्हणालं, इथं पंच पुरायचे नाहीत, वकीलच पाहिजे. बाररूममधले मित्र म्हणाले, "आता अशिलं सोडा आणि मांड्या थोपटणाऱ्यांच्या मागं फिरा." मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगतो, ते पद मला आवडलं होतं. कोर्टात निकाल दुसरा कुणी देतो आणि आपण मान तुकवून बाहेर येतो. इथं निकाल माझा होता.

नियमावली मीच लिहिली. मोठी गावं बाहेरून तगडे गडी आणायची आणि आमचेच म्हणून मैदानात उतरवायची. ते बंद करायला मी लिहिलं की खेळाडूनं स्वतःच्या गावाकडूनच खेळायचं, आणि गाव म्हणजे आधार कार्डावर असेल ते. कुठं पळवाट ठेवली नाही, याचा मला कोण अभिमान! पुढच्या वर्षी महिलांचे सामने सुरू झाले. तेव्हा त्याच नियमावलीच्या तळाशी मी एक वाक्य जोडलं, 'हेच नियम महिलांनाही लागू राहतील.' झालं, सुटलो.

त्या वर्षी बेलापूरकडच्या एका गावाचा महिला संघ उपांत्य फेरीत आला, तो एका खेळाडूच्या जोरावर. उजव्या कोपऱ्यात उभी राहायची. अंगानं किरकोळ, पण समोरचीचा घोटा एकदा हातात आला की सुटायचा नाही. शाळेत असल्यापासून याच संघाकडून खेळत होती. वर्षापूर्वी तिचं लग्न झालं होतं, राहात्याच्या अलीकडच्या एका गावात.

सामन्याच्या दिवशी दुपारी समोरच्या संघाचा व्यवस्थापक कागद नाचवत आला. "साहेब, हिच्या आधारवर सासरचा पत्ता हाय. माहेराकडून कशी काय खेळती?" मंडपात टेबलाशी मी दोन्ही बाजूंना बोलावलं. तिला विचारलं, "पत्ता सासरचा आहे, हे खरं का?"

"व्हय साहेब. पन सासरच्या गावात मला न्हाई खेळता येत. तिथं सासरे, चुलत सासरे, समदी मानसं मैदानाभवती बसत्यात. त्यांच्यापुढं सुनेनं पदर सोडून, चड्डी घालून झटापट करायची व्हय? माझ्या सासूबाईच म्हनल्या, माहेरी जाऊन खेळ, तिथं तू लेक हायस. एवढ्यावर घरचे तयार झाले, साहेब. लई समजावलं तवा."

यात न समजण्यासारखं काय होतं? मी याच मातीतला माणूस. गावची लेक आणि गावची सून यांच्या चालण्याबोलण्यात किती फरक असतो, ते मी जन्मापासून बघतोय. माझी स्वतःची बहीण माहेरी आली की ओट्यावर बसून खदाखदा हसायची आणि सासरी तिचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा नाही. पण त्या क्षणी मी तिचं बोलणं सबब म्हणून ऐकलं. कोर्टात रोज शंभर सबबी ऐकलेला कान होता तो, मेला होता.

"बाई, भावना वेगळी आणि नियम वेगळा," मी म्हणालो. आणि लेटरहेडवर निकाल लिहिला: विवाहित खेळाडूचे गाव म्हणजे तिचे सासर, माहेरच्या संघाकडून खेळण्यास ती अपात्र. सही केली, शिक्का मारला. बाजूला जाऊन तिनं गुडघ्याची पट्टी सोडली, नीट गुंडाळली आणि पिशवीत टाकली. तिचा संघ हरला. लोक मला म्हणाले, कमिशनर असावा तर असा, कुणाची भीड धरत नाही. मी फुशारलो. आज ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

पुढच्या हंगामाचे अर्ज आले तेव्हा मी एकेक चाळत बसलो होतो. महिलांच्या अर्जांत लग्न झालेली एकही खेळाडू नव्हती. आदल्या वर्षी खेळलेल्या, मंगळसूत्राला सामन्यापुरती चिकटपट्टी लावून उतरणाऱ्या त्या सगळ्या पोरी गेल्या कुठं? गेल्या नव्हत्या, मीच घालवल्या होत्या. त्या पोरीनं तोंडावर सांगितलं होतं मला, आणि मी तिला नियम शिकवला होता. त्याच दिवशी दुरुस्ती लिहिली: विवाहित खेळाडू स्वतः सांगेल ते तिचे गाव, माहेर किंवा सासर. तिला पोस्टानं कळवून भागणार नव्हतं. गाडी काढली आणि तिच्या सासरी गेलो.

सासऱ्यांनी पडवीत खुर्ची दिली, अगत्यानं चहा सांगितला. चहा घेऊन तीच आली, डोक्यावर पदर. मी कागद पुढं केला. "नियम बदललाय. तेव्हा चूक माझी होती. यंदा तुम्ही माहेराकडून खेळा."

तिनं कागद वाचला, सावकाश, दोनदा. मग खालच्या आवाजात म्हणाली, "साहेब, तुमचा तो आदला कागद हाय ना, तो ह्यांच्या मोबाईलमधी हाय. ग्रुपवर आल्ता. दिवाळीच्या आधी माझे वडील आजारी पडले. म्हनलं, आठ दिस जाऊन ऱ्हाते, त्यांना पानी तरी पाजते. तर ह्यांनी मोबाईल काढून दावला. म्हनले, वकिलानं शिक्का मारून दिलंय, तुझं गाव हे. हितलं सोडून तिकडं काय काम? आधी चेष्टेनंच म्हनायचे. मग खरंच सोडलं न्हाई."

"आता कसे आहेत वडील?" मी विचारलं.

"गेले. मी पोचले तवा समदं उरकलं हुतं."

सासरे कपाकडं बघत राहिले. मी उठलो आणि जरा मोठ्यानंच म्हणालो, आत तिचा नवरा असेल तर त्याला ऐकू जावं म्हणून, की तो निकाल कबड्डीपुरता होता, आणि तोही चुकीचा होता, मी चुकलो. सासरे म्हणाले, "असूद्या साहेब, झालं गेलं." आतून कुणी आलं नाही.

तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "आई तर लहानपनीच गेल्ती. आता वडील न्हाईत. घराला कुलूप हाय. तुमी लिहिलंय, मी सांगंन ते माझं गाव. पन आता कुठलं सांगू, साहेब?"