दाजींच्या उजव्या हाताला

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हतं. बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्याच कारखान्यात लागला, चारचौघांत त्यांना दाजी म्हणू लागला, आणि बघता बघता फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचेच ते दाजी झाले. एवढे मेहुणे एकदम गळ्यात पडलेला माणूस दुसरा नसेल.

काम रायफली उडवून बघायचं. तयार झालेली प्रत्येक रायफल बाहेर पडण्याआधी दाजींच्या खांद्याला लागायची. सिमेंटच्या भिंतींची लांबट खोली, पलीकडच्या टोकाला वाळूचा ढीग, अलीकडे एक टेबल. दाजी बार काढायचे आणि मेहुणा त्यांच्या उजव्या हाताला उभा राहून उडालेली रिकामी पुंगळी उचलून बघायचा, फुगली का, चिरली का. बाहेरच्यांना वाटायचं, काय मजेचं काम आहे! सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणी एकाच खांद्यावर बुक्क्या घालत राहिलं तर जेवढी मजा येईल तेवढी यात होती. दाजी साठीकडे झुकले तोवर त्यांना शर्टाची बाही चढवायला बायको लागायला लागली होती.

शेवटी त्यांनीच हट्ट धरून ब्रेक मागवून घेतला. बोटाएवढा लोखंडी तुकडा, नळीच्या तोंडावर फिरवून बसवायचा, दोन्ही अंगांना खाचा. गोळीमागून गॅस जोरात सरळ पुढे सुटतो, तेव्हा तो रायफलीला मागे ढकलतो. या खाचा त्यातला बराचसा गॅस बाजूला आणि थोडा मागे वळवतात, त्यामुळे धक्का पार मवाळ होतो. पहिल्या दिवशी दाजींनी घरी येऊन स्वतःच्या हाताने शर्ट काढला.

"आज कामावर गेला होतात ना?" बायकोने विचारलं.

पण वळवलेला गॅस कुठेतरी जाणारच, आणि त्याच्याबरोबर आवाजही. तो कुठे जातो, हा प्रश्न दाजींना पडला नाही. ते रायफलीच्या मागे होते आणि मागे बरं चाललं होतं. मेहुण्याने तोंडातून ब्र काढला नाही. असं वर्ष गेलं.

एका रविवारी मेहुणा जेवायला आला होता. "अजून वाढू का?" डाव्या बाजूने वाढत बहिणीने विचारलं. त्याने हसून मान हलवली. "डॉक्टरकडे जाऊन आलास?" पुन्हा मान हलली. "कधी गेला होतास?" त्यावरही तसंच हसू आणि तशीच मान. बहीण हातातला डाव तसाच धरून उभी राहिली.

तो गेल्यावर ती म्हणाली, "त्याला ऐकू येत नाहीये. तुमच्या खांद्याला आराम पडला ना, तेव्हापासून हे सुरू झालंय."

"अगं, कानावर झाकणं असतात आमच्या. दोघांच्याही."

"मग तुम्ही एकदा उभे राहून बघा त्याच्या जागी. तो माझ्या माहेरचा एवढा एकच उरलाय."

दाजींनी रात्रभर कूस बदलली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या खोलीतल्या बार काढणाऱ्याला बोलावलं, रायफल त्याच्या हातात दिली आणि स्वतः उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. कानांवर झाकणं घट्ट बसवली. बार झाला आणि कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दात हलले, छातीत धडकलं, डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या बाराला त्यांनी हात वर करून थांबायला सांगितलं. बार काढणारा मात्र खुशीत होता. "दाजी, हिला धक्काच नाही की हो," तो म्हणाला.

दाजी मेहुण्याकडे वळले. त्याच्या डाव्या कानावरचं झाकण नेहमीसारखं अर्धं वर सरकवलेलं होतं. नळीकडचा कान तोच. ते रोज दिसत असूनही दाजींनी आजवर नीट पाहिलं नव्हतं.

"हे असं का ठेवतोस?" ते मोठ्याने म्हणाले.

"बार काढायच्या आधी तुम्ही 'सोडतो' म्हणता ते फार हळू म्हणता, दाजी. झाकण लावलं की कळत नाही."

"मग परत विचारायचं."

"तुम्हाला काय परत परत विचारायचं," मेहुणा म्हणाला आणि पुंगळ्यांची पेटी नीट करू लागला.

दाजींना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी पाना घेऊन ब्रेक काढला आणि खणात टाकला. मेहुण्याचं झाकण स्वतःच्या हाताने कानावर खाली ओढलं. रायफल घेतली, बार काढला. वर्षभर सुखावलेल्या खांद्यातून कळ थेट मानेपर्यंत गेली.

"आता कमी वाटतंय ना?" त्यांनी विचारलं.

मेहुण्याने हसून मान हलवली. रविवारी हलवली होती अगदी तशीच. दाजी टेबलाला वळसा घालून त्याच्या दुसऱ्या बाजूला गेले, उजव्या कानावरचं झाकण उचललं आणि तेच पुन्हा विचारलं.

मेहुण्याने जरा विचार केला. "लावा तो ब्रेक परत," तो म्हणाला. "त्याशिवाय तुम्हाला बाही चढवता येत नाही, ताई सांगत होती. मला या डाव्या कानाला आता दोन्ही सारखंच."

दाजींनी झाकण त्याच्या कानावर परत बसवलं, जागेवर येऊन पुढची रायफल उचलली आणि दस्ता खांद्याला लावला. मग शेजारच्या खोलीतला माणूस दारात डोकावून बघेल एवढ्या मोठ्याने ते ओरडले, "सोडतो!"