तिसरा ढीग

ती चिकू हातात घ्यायची, देठापाशी अंगठ्यानं हलकंच दाबायची आणि बोलायची, "अजून बघू."

डहाणूकडच्या एका वाडीत पॅकिंगच्या शेडमध्ये आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. मी वेवजीवरून टेम्पोनं यायची, ती जवळच्याच पाड्यावरची. काम सोपं. सालीवर नख ओढायचं. खाली हिरवं दिसलं, चीक आला, तर कच्चा. पिवळट दिसलं तर तयार. दोन ढीग. पण हिचे तीन असायचे.

शेठ गुजराती. रोज तेच बोलायचा, "बेन, बे ढगला. त्रण नहीं."

ही मान हलवायची. शेठची पाठ वळली की तिसरा ढीग परत सुरू. ज्याचं तिला कळलं नाही तो चिकू त्यात. चार दिवस पेंढ्यात ठेवायची, मग ठरवायची. तुम्ही बघितलं असतं तर तुम्हाला पण वाटलं असतं, एवढ्याशा फळाचा किती विचार करते ही.

तिचा नवरा सुरतेला गेला तो आलाच नाही. बायका चिडवायच्या, "तो कुठल्या ढिगात गं?"

"तिसऱ्या," ती बोलायची. "पण पेंढा आता जुना झाला."

त्या साली माझं पोट फुगल्यासारखं राहायचं. सुनेनं डॉक्टरकडे नेलं. सोनोग्राफी केली. डॉक्टर बोलले, अंडाशयावर गाठ आहे, सात सेंटीमीटर. साधी की वाईट, ते आत्ता सांगता येत नाही. रक्त तपासायचं, मग वलसाडच्या मोठ्या डॉक्टरीणबाईला दाखवायचं. तारीख मिळाली बावीस दिवसांनी.

मी दोन पोरं पुरली, एका पावसात घर वाहून गेलेलं बघितलं. रडणारी बाई नाही मी. पण ते बावीस दिवस जड गेले. सून हंडा उचलू देईना. जाऊबाई नारळ घेऊन आली आणि पदर डोळ्याला लावून बसली. मी अजून जिवंत होते, तरी घरात सगळे हळू बोलायला लागले.

शेडमध्ये सांगितलं तर बाकीच्या खाली बघून चिकू निवडायला लागल्या. ही पुढे सरकली.

"केवढी?"

"सात सेंटीमीटर."

"म्हणजे केवढी गं बाय?"

मला काय माहीत. मी दुसरीत शाळा सोडली, ती तर शाळेत गेलीच नाही. तिनं कारकुनाची टेप मागून आणली, त्यालाच सात कुठं ते विचारलं आणि ढिगातले चिकू मोजत बसली. सगळ्यात मोठा निघाला तो बरोबर सात भरला.

"एक नंबर माल आहे तुझा. दिल्लीला जाईल असा."

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं.

तो चिकू तिनं तिसऱ्या ढिगात ठेवला, नख न मारता. "तुझी गाठ पण इथंच. डॉक्टरला कळलं नाही, मग तू कशाला वाईटात टाकतेस? चांगल्यात पण टाकू नको. अजून बघू."

काम करताना माझा हात सारखा पोटावर जायचा. चाचपत राहायची मी. ती न बघता बोलायची, "नख नको मारू. सारखं नख मारलं की चांगला पण सडतो." मी हात परत ढिगावर आणायची. दिवसातून वीस वेळा असं व्हायचं.

चौथ्या दिवशी तो चिकू पिकला. तिनं दोन फोडी केल्या, एक माझ्यापुढे धरली. मी ती नुसती हातात धरून बसले.

"खा. गोड आहे."

"हा चिकू आहे," मी बोलले. "ती गाठ आहे."

"हो, हा चिकू आहे ते कळलं. ती काय आहे ते कळलं की मला सांग."

मी खाल्ला. गोड होता.

तारखेला डॉक्टरीणबाईनं परत सगळं तपासलं आणि बोलली, काढायलाच लागेल, काढल्यावर तपासायला पाठवू, तेव्हा नक्की कळेल. ऑपरेशनला जायच्या आधी शेडमध्ये जाऊन आले. सगळ्या बोलल्या, देव बरं करील. ही बोलली, "कापल्यावर आतून कशी दिसली ते विचारून ये. विसरू नको. माझा जीव त्यात अडकून राहील."

भर पावसात ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. साधी गाठ. सून रडली. मी डॉक्टरीणबाईला विचारलं, आत काय होतं? ती हसली, असं कोणी विचारत नाही बोलली. पण सांगितलं नीट.

दिवाळीनंतर शेडमध्ये परत गेले. तिची जागा रिकामी. बायकांनी सांगितलं, भादव्यात ताप आला, चार दिवसांत गेली. तिला अजून बघू म्हणायला कोणाला वेळच मिळाला नाही.

तिची बसायची गोणी घडी करून ठेवलेली होती. ती पसरून मी तिच्या जागी बसले. पहिलाच चिकू असा आला, मला काही कळेना. बाजूला ठेवला. शेठनं बघितलं आणि पुढे गेला.

गाठीच्या आत पाणी होतं, बाय. ताडगोळ्यात असतं तसं, नितळ.