सुखदेवभाऊंचं जित्तं सरबत

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा शेजारच्या सुखदेवभाऊंनी हातात दिलेला भरलेला तांब्या सरळ आडवा केला. पाणी माझ्या इस्त्रीच्या पँटीवर, मोज्यांत, बुटांत. आणि हा गृहस्थ तांब्याच्या पोटावरचं नाव वाचण्यात दंग.

"हे अक्षर माह्यं हाय मास्तर! तुमच्या लग्नातलं. पाहा, कसं मोत्यावानी."

वाशीमच्या एका भांड्यांच्या दुकानात तीस वर्षं त्यांनी स्टीलवर नावं घातली. जिल्ह्यात असं घर नाही, जिथं त्यांच्या अक्षरात वरण शिजत नाही. आता ते लेकीकडे अकोल्याला राहायला गेलेत आणि माझे तांबे सुरक्षित आहेत. पण मधली चार वर्षं, दुकानातून ते घरी बसले तेव्हापासूनची, माझ्या आयुष्यातून कोणी वजा करून दिली तर मी त्याचे पाय धुईन.

घरी बसून त्यांनी सरबत आंबवायला घेतलं. आलं, गूळ, संत्री, जांभळं, हाती लागेल ते. त्याला कोणी दारू म्हटलं की उसळायचे. "दारू माणसाले झोपवते. हे जित्तं सरबत हाय, हे माणसाले उठवते!"

उठवायचं, हे खरं. पहिला माल त्यांनी पातळ काचेच्या बाटल्यांत भरला आणि भर दुपारी बाराच्या बारा बाटल्या ओळीनं फुटल्या. आमची सामाईक भिंत जांभळी झाली, बायको पलंगाखाली गेली, आणि गल्लीतलं मांजर कायमचं मालेगावला राहायला गेलं. एक टोपण अकोल्याच्या स्टेशनात उभ्या गाडीत सापडलं, असं भाऊ छातीवर हात ठेवून सांगायचे. मी ते आमच्या रेल्वे फाटकापलीकडे गेलं असं मानायला तयार नाही.

"दम फकस्त बियरच्या बाटलीत राह्यते," हा त्यातून निघालेला शोध. मग भंगारवाल्याकडून पोतंभर बियरच्या रिकाम्या बाटल्या माझ्याच मोटारसायकलवरून, पालकसभेला निघालेल्या पालकांसमोरून, खणखणत आल्या. त्या धुण्याच्या सोड्यात भिजवायच्या, कागद खरवडायचे, काथ्यानं घासायच्या. हे सगळं माझ्या अंगणात. काहून? तर सावली तिथं बरी!

आणि नावाशिवाय बाटली भरायची नाही. "बिननावाची बाटली म्हंजे सरकारी नळ. कोनीबी तोंड लावते." स्टीलचं मशीन लावून सात बाटल्यांचा चुरा केल्यावर त्यांनी काच कापायची हिरकणी आणली. मांडीवर ओला फडका, त्यावर बाटली, जीभ बाहेर. नाव कोरून झालं की त्यात चुना चोळायचा. अक्षर असं पांढरंशुभ्र उठायचं की रागावलेला माणूसही पाहत राहायचा. मी पाहत राहायचो.

बाटली भरलेली जाणार, रिकामी परत यावी, इतकंच त्यांचं मागणं. पण भरून आलेलं भांडं रिकामं कसं धाडायचं? शेजारणी त्यात जवसाचं तेल भरून पाठवायच्या. "अवो माय, तेलानं फेस मरते!" म्हणून भाऊ कपाळ बडवायचे, आणि चूल पेटवून बाटल्या उकळायचो मी.

अशात माझ्या पल्लवीचा साखरपुडा ठरला. व्याही मेडशीचे, चांगली शेतीवाली, सभ्य माणसं. अट एकच: लग्नात मुलीचं नाव बदलायचं. वैष्णवी हे नाव त्यांनी काढूनही ठेवलं होतं. पल्लवी म्हणाली, "बाबा, माझं नाव जाणार असेल तर मी नाही जात." तीनदा बोलणी अडली. शेवटी साखरपुड्यातच काय ते ठरवू, असं झालं. मी सुखदेवभाऊंना हात जोडले.

"भाऊ, त्या दिवशी बाटल्या नकोत."

"काहून?"

"बियरच्या आहेत!"

"धुतल्या की तुमी!"

साखरपुड्याला हातगाडीवर चाळीस बाटल्या आल्या. पल्लवीकडून पाहुण्यांची यादी घेऊन प्रत्येकाचं नाव कोरलेलं. भुई दुभंगली असती तर मी आधी उडी मारून जागा धरली असती. पण पाहुणे आपापलं नाव शोधून खूश. व्याही तर स्वतःची बाटली चार जणांना दाखवून आले. तेवढ्यात विहीणबाई शोभाताईंनी पल्लवीची बाटली उचलली.

"भाऊ, हे नाव तर बदलाचं हाय. वैष्णवी टाका."

"काचीवरचं पुसता येत नाई बाई."

"मंग नवी करा."

मी भाऊंना डोळ्यांनी, भुवयांनी, शेवटी कोपरानं खुणावलं: हो म्हणा! भाऊ खाली बसले.

"तीस वर्सं पोरींचे नवेच नावं टाकले जी म्या. पोरगी भांडे न्यायले ये. मी म्हनो, घे माय, तुह्यं नाव. ते वाचे, अन् मांगं वळून पाहे, दुसरी कोनी उभी हाय काय म्हनून. लय पाह्यल्या अशा. आता माह्या हातून नाई होत."

मी मनातल्या मनात आचाऱ्याला परत पाठवत होतो, पल्लवीच्या आईला काय सांगायचं ते जुळवत होतो.

शोभाताईंनी पल्लवीची बाटली पदरानं पुसली आणि पल्लवीच्या हातात दिली.

"ठेव बाई तुह्यी तुले," त्या म्हणाल्या. मग भाऊंकडे वळल्या. "कोरी हाय काय एखादी?"

भाऊंनी पोत्यातून एक काढली, मांडीवर ओला फडका पसरला, हिरकणी धरली. "सांगा जी, कोनाचं नाव?"

"इंदू," शोभाताई म्हणाल्या. थोडं थांबून, "इंदू गणपत."

व्याह्यांनी हातातला लाडू तसाच धरून मांडवभर नजर फिरवली. यादीतून ही कोण पाहुणी राहून गेली, ते त्यांना कळेना.