साहेबांना काम मिळेना

आम्ही उदगीर सोडलं त्या सकाळी दारात सात-आठ माणसं हार घेऊन उभी होती. टेम्पोत गाद्या, भांडी आणि ताडपत्रीखाली झाकलेली यांची पान्यांची पेटी. हे ड्रायव्हरच्या शेजारी, गळ्यात झेंडूचा हार घालून. "साहेब, आता तिकीट घिऊनच या," एकजण म्हणाला. त्यांना वाटलं, आम्ही मुंबईला चाललोय, पुढच्या निवडणुकीच्या तयारीला. यांनी नुसते हात जोडले. खरं म्हणजे आम्ही नांदेडला चाललो होतो, एका डाळ मिलमध्ये मिस्त्रीच्या नोकरीवर. मुखेड मागे पडल्यावर यांनी हार काढला आणि मांडीवर ठेवला.

तेव्हापासून तिकडं काय काय बोललं जातं, ते व्हॉट्सॲपवरून माझ्यापर्यंत येतं. कुणी म्हणे इन्कम टॅक्सवाले मागे लागले, कुणी म्हणे भावाभावांत बिनसलं. म्हणून हे लिहितेय. तिथं राहिलेल्यांसाठी, आणि आमच्यासारखं गाव सोडून बसलेल्यांसाठीही. त्यांना कदाचित लवकर कळेल.

मी लग्न होऊन आले तेव्हा हे काशिनाथ मिस्त्री होते. तूर ज्या रोलरखालून जाते ते रोलर घासून, त्यांच्यातलं अंतर जुळवून द्यायचं, हे यांचं काम. अंतर चुकलं की डाळीचा भुगा होतो. त्याला चुनी म्हणतात, आणि चुनी वाढली की मिलवाल्या शेठजींच्या तोंडाला लगाम राहत नाही. सीझनमध्ये रोज दारातून हाक यायची, "ओ मिस्त्री, येताव का न्हाई?" मला भयंकर राग यायचा. यांना कधी आला नाही. ताटावरून उठून जायचे.

पुढे एका मिलमध्ये एका हमालाचा हात पट्ट्यात सापडला आणि मालकानं कानावर हात ठेवले. हे साऱ्या मिलमधल्या मिस्त्री-हमालांना घेऊन फाटकासमोर बसले. तिथून नगरपालिका. मग दोन बड्या पुढाऱ्यांच्या भांडणात पक्षाचं तिकीट यांच्या पदरात पडलं आणि हे चक्क निवडून आले. खोटं कशाला सांगू, मला आवडलं. दाराशी गाडी, मागे पीए, हळदीकुंकवाला माझं नाव आधी. हे मात्र मुंबईच्या आमदार निवासातही हात चोळत बसायचे. पाच वर्षांत तालुक्यातल्या मिलमध्ये पट्ट्यांना जाळ्या बसवून घेतल्या, एवढं एकच काम केलं असं ते स्वतःच सांगतात. मला वाटतं बरीच केली, पण ते माझं ऐकत नाहीत.

दुसऱ्या निवडणुकीत पडले. ते दुःख महिना-दोन महिन्यांत ओसरलं. पेन्शन आहे, खायची भ्रांत नाही. पण तुरीची आवक सुरू झाली तशी यांनी पेटी काढली, पाने पुसले आणि जुन्या मिलमध्ये गेले. शेठजी उठून उभे राहिले. खुर्ची आली, चहा आला, शाल आली. "साहेब, तुम्ही कशाला ग्रीसमधी हात घालता? पोरं हायत की." दुसऱ्या मिलमध्ये मालकाला वाटलं, हे वर्गणी मागायला आलेत. तिसऱ्यानं तर मशीन बंद करून फोटो काढून घेतला. संध्याकाळी हे घरी आले ते पेटी तशीच बंद. मग आमच्या मिक्सरवर संक्रांत आली. चांगला चाललेला मिक्सर यांनी तीनदा खोलला. मी चिडून बोलले तर हे खाली मान घालून स्क्रू आवळत राहिले. त्या दिवशी मला यांची भीती वाटली. असा गप्प माणूस मी यांच्यात कधी पाहिला नव्हता.

सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. निर्णय त्यांचाच. "तू जा बाबा," त्या म्हणाल्या. "हितं तुला समदे खुर्ची देतेल, काम कुणी देणार न्हाई." स्वतः मात्र आल्या नाहीत. या वयात नांदेडबिंदेड जमत नाही म्हणाल्या. धाकट्या दिरांकडे राहिल्या.

इथं दोन खोल्या. पाण्यासाठी ड्रम. शेजारीण विचारते, मालक काय करतात, आणि मी "मिस्त्री आहेत" म्हणून अजूनही घाईनं पाण्याचा विषय काढते. आधी किती मिरवले होते मी. हे मात्र हाताला काळं लावून येतात आणि दोन भाकरी जास्त खातात.

मग मागच्या महिन्यात आपल्याकडचा एक ट्रक ड्रायव्हर मिलमध्ये आला आणि सगळ्यांसमोर यांच्या पाया पडला. तोवर आम्ही इथं कुणालाच काही सांगितलं नव्हतं, आता हे आमदार होते हे मालकाला कळलं. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले आणि मी दिवसभर दाराकडे बघत होते. वाटलं, झालं, इथलंही संपलं. आता कुठं जायचं? परभणी? सोलापूर?

संध्याकाळी आले ते तणतणत. रोलरचं अंतर जरा चुकलं होतं, चुनी फार पडली होती. मालक सगळ्या हमालांदेखत म्हणाला, "आमदार तिकडं उदगीरला. हितं माझ्या तुरीचं वाटोळं करून राहिले तुम्ही." हे सांगताना यांचा चेहरा इतका सैल झाला होता की मला हसावं की रडावं कळेना. उदगीरला आपलं घर आहे, असं आम्ही आजही म्हणतो. पण माणसाला हक्कानं कुणी रागवावं, एवढं जिथं मिळतं तेही घरच म्हणायचं, असं मला त्या संध्याकाळी वाटलं. आणि वाईटही वाटलं, कारण ते घर उदगीरला नव्हतं.

यांनी लगेच अव्वांना फोन लावला. अव्वा दर रविवारी एकच विचारायच्या, "कवा येतूस?" यांनी उत्साहानं सगळं सांगितलं, मालक काय बोलला, कसा बोलला. अव्वांनी मालकाचं बोलणं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "मग ऱ्हा बाबा तिथंच."

त्यानंतरही रविवारी फोन होतो. तब्येत सांगतात, पावसाचं सांगतात. कवा येतूस, हे मात्र त्यांनी विचारायचं सोडलं आहे.