किटल्या लांब लांब, माणसं खेटून

मंडळी, आज सकाळी आमच्या डेअरीवर एक गंमत झाली, ती अजून डोक्यातून जात नाही.

बेलापूरजवळच्या आमच्या गावात अजून कोरोनाचा एकही पेशंट नाही. तरी डेअरीच्या सेक्रेटरींनी दारापुढे चुन्याच्या फक्कीने लांब लांब गोल आखले. आम्ही नेहमीच्या सवयीने त्या गोलांत दुधाच्या किटल्या ठेवल्या आणि सगळे कट्ट्यावर खेटून बसलो, एकाच मोबाईलवर कोरोनाच्या बातम्या बघत!

"अहो, गोल मानसांसाठी हायेत!" सेक्रेटरी ओरडले.

"नंबर तर किटलीचाच असतो की," माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या कुसुमकाकू म्हणाल्या. सगळे हसले.

तेवढ्यात कुणीतरी पेंडीचं पोतं आपटलं. धूळ नाकात गेली आणि मला सणसणीत शिंक आली.

कट्टा क्षणात रिकामा! जो तो पळत जाऊन आपल्या किटलीमागे उभा. मला हसू आवरेना.

काकूंनी लांबूनच विचारलं, "पेंडीनंच शिंकलीस ना गं?"

"व्हय काकू, धूळ गेली."

"तेच म्हनलं मी."

पण त्या परत जवळ काही आल्या नाहीत. रोज माझ्या किटलीला हात लावतात, आज मी एकटीनेच उचलली.

माझं बोलणं त्यांना पटलं होतं, तरी पाय का पुढे आला नसेल? तुमच्याकडेही असं होतंय का?

संध्याकाळी पुन्हा दूध घालायला जायचंय. काकूंना शिंक आली, तर मी कुठे उभी राहीन?