मोठ्या कचेरीत मावशी

"आधी जेवला का, त्ये सांगा."

दारात कुणीही आलं की मावशींचा पहिला प्रश्न हाच. पदराला हात पुसत त्या विचारायच्या. मग समोर पोस्टमन असो की परदेशातून आलेले बिशप.

नव्वदच्या दशकात बारामतीत आमच्या मिशनचं मुलींचं वसतिगृह होतं. मी तिथल्या कचेरीत टायपिस्ट, मावशी स्वयंपाकीण. सणसर, काटेवाडीकडच्या मुली तिथं राहून शिकायच्या. कुणी ख्रिस्ती, कुणी बौद्ध, कुणी मेंढरांमागं फिरणाऱ्या घरांतल्या. मावशींच्या तोंडी सगळ्या "आमच्या पोरी".

एके वर्षी परदेशातल्या मुख्य कचेरीनं वसतिगृह बंद करायचं मनावर घेतलं. त्यावरच्या निर्णयाआधी तिकडं होणाऱ्या बैठकीत इथल्या कुणीतरी येऊन बोलावं, असा निरोप आला. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आजारी. ते मला म्हणाले, "मावशींना न्या, मुलींना त्याच जास्त ओळखतात. दुभाषी म्हणून तुम्ही जा."

परदेशातल्या त्या मुख्य कचेरीची इमारत म्हणजे नुसती काच. आत सगळे कुजबुजल्यासारखे बोलायचे. मावशी नवी इरकल नेसून चकचकीत फरशीवर जपून पावलं टाकत होत्या. लिफ्टमध्ये भेटेल त्याला "जय ख्रिस्त" म्हणत होत्या. मध्येच माझ्या कानाशी आल्या, "एवढं मोठं घर, आन् फोडणीचा वास कसा न्हाय गं?"

बैठकीत त्या बोलायला उभ्या राहिल्या, पदराला हात पुसले. मग एकदम अध्यक्षांना म्हणाल्या, "सायेब, तुमाला लेकी हायत का?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मग आयका. ह्या पोरी घरी गेल्या की म्हागारी यायच्या न्हायत. लगीन लावून देत्यात. शाळंच्या वयाची पोर, आन् तिच्या कडंवर तिचंच लेकरू. ती पोर मीच व्हते."

इतकी वर्षं त्यांच्या हातचं जेवले, पण मला हे ठाऊक नव्हतं. मी ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं.

आहेत त्या मुलींची दहावी होईपर्यंत वसतिगृह चालवायचं, नव्या घ्यायच्या नाहीत, असं ठरलं. मी हरखले. मावशी मात्र परतीच्या विमानात म्हणाल्या, "नव्या पोरींनी कुठं जायाचं?"

शेवटच्या मुली दहावी झाल्या, वसतिगृहाला कुलूप लागलं आणि मावशी कोऱ्हाळ्याला आपल्या घरी गेल्या.

पुढं एकदा त्यांना भेटायला गेले, तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "सणसरला गेल्यात. तितल्या एका पोरीच्या बापाला समजावाया."

मावशींच्या अंगणातल्या दोरीवर मुलींचे शाळेचे गणवेश वाळत होते. लहानमोठ्या मापांचे, एकाला एक खेटून.