हुलियातल्या मिशा

लॉरी चालवता येणं वेगळं आणि लायसन असणं वेगळं, हे शहाणपण मला आलं तेव्हा माझ्या तोंडावर मिशी नव्हती.

निजामाचं राज्य होतं. जालन्याच्या एका जिनिंगची लॉरी माझ्याकडे असे. घनसावंगी, अंबडकडून कापूस भरून आणायचा, हे काम. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. "बैलाला हाक मारली तर कान तरी हालवतो. तुह्या या डब्याला काय कळतं?" असं म्हणायचे. पण लॉरी गावात शिरली की वेशीपर्यंत चालत येऊन चारचौघांना ऐकू जाईल असं विचारायचे, "आला का रे?" जसं काही मी विलायतेहून आलो होतो.

ऐन हंगामात आबा गेले. दहाव्याला रिवाजाप्रमाणे डोकं आणि मिशी उतरवली. सुतकातच लायसनची मुदत संपली, ते माझ्या ध्यानातही आलं नाही. तेरावा उरकून जालन्याला आलो तर जिनिंगचे शेठ म्हणाले, "सोमवारी लायसन दाखव, मंग गाडी ने. कापूस काय थांबून न्हाई राह्यला. न्हाई तर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागंल." माणूस वाईट नव्हता, पण धंदा तो धंदा. ती लॉरी गेली असती तर मी परत औतामागं गेलो असतो, आणि औतात मला कधी गती नव्हती.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी. शनिवारी सकाळच्या गाडीनं औरंगाबाद गाठलं. खिडकीमागचा कारकून हैदराबाद शहरातून नुकताच बदलून आलेला, चष्मेवाला. त्या काळी आमच्या लायसनात फोटो नव्हता. माणूस कसा दिसतो ते उर्दूत लिहिलेलं असे, त्याला हुलिया म्हणत. त्यानं हुलिया वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला.

"हुलिये में घनी मूँछाँ लिखे हैं. तुम्हारे मुँह पे कां हैं?"

"काढल्या साहेब."

"कायकू?"

आमच्याकडे हे कुणी विचारत नाही. बाप्या माणसाचा ओठ ताजा भादरलेला दिसला की बाप गेला हे ज्याचं त्याला समजतं. लोक नजर खाली घालतात, जवळ बसतात, उठून जातात. इतक्या दिवसांत मला ती गोष्ट एकदाही तोंडानं सांगावी लागली नव्हती. आणि हा एवढा शिकलेला माणूस, याला माझं तोंड वाचता येऊ नये? डोक्यात तिडीक गेली.

"मूँछाँ आने के बाद आओ," म्हणत त्यानं लायसन माझ्यापुढं सरकवलं.

सोमवारपर्यंत मिशी कुठून उगवणार? तमाशातल्या एखाद्या सोंगाड्याची मागून आणावी, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. माणसाचं मन मोठं निर्लज्ज. दारापर्यंत गेलो, थांबलो आणि परत फिरलो.

"साहेब, आमच्यात बाप गेला की मिशी काढतेत," आवाज चढला होता माझा. "माझे आबा गेले."

ते शब्द माझ्याच कानांवर पडले आणि तेव्हा कुठं मला खरं वाटलं की आबा गेले. दहाव्याला रडलो नव्हतो, तेराव्याला नव्हतो. भर कचेरीत टोपी तोंडाशी धरून ढसाढसा रडलो.

कारकून उठून बाहेर आला. मला स्टुलावर बसवलं, स्वतःच्या सुरईतलं पाणी दिलं. ओठांतल्या ओठांत त्यांच्यातली कसलीशी दुवा पुटपुटला. मग विचारलं, "क्या करते थे वालिद?" मी सांगितलं. शेत सांगितलं, बैल सांगितले, वेशीवरचं "आला का रे" सांगितलं. रांगेतल्या कुणीही कुरकुर केली नाही.

शेवटी त्यानं टाक उचलला. मी म्हणालो, "त्या मिशा खोडा साहेब, हुलिया बराबर करा."

"नक्को. मूँछाँ तो फिर आ जाते," तो म्हणाला. टाक वरच्या ओळीत नेऊन आबांच्या नावाआधी त्यानं एक छोटा शब्द लिहिला, मरहूम, आपल्यात कैलासवासी लिहितात तसा. "बदला है तो ये बदला है." मग पुढच्या सालाचा शिक्का मारून दिला.

परतीच्या गाडीत समोर एक म्हातारे शेतकरी बसले होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी नजर खाली घातली आणि सरकून जागा दिली. ते काही विचारणार नव्हते. मीच म्हणालो, "आबा गेले माझे. लय भारी माणूस व्हता." आणि जे सुरू झालो ते झालोच. बदनापूर मागं पडलं, जालना आलं, तरी माझं सांगणं संपलं नव्हतं.